आनंदवनातली वांगी

“वरोऱ्याला काय आहे हो पाहण्यासारखं?”

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात हा प्रश्न मला तीन निरनिराळ्या सहकाऱ्यांनी विचारला. नाताळच्या सुट्टीत पुण्याची माणसे दापोलीला जातात, महाबळेश्वरला जातात, ऐपत असली तर अंदमानलाही जाऊन येतात. चंद्रपूर जिल्ह्यातच जायचे तर ताडोबाच्या जंगलात वाघ पाहावा, हेही त्यांना समजण्यासारखे होते. पण वाघ न पाहता नुसत्या वरोऱ्याहून परत यायचे म्हणजे पंढरपुरापर्यंत जाऊन बत्तासा खाऊन परत फिरण्यासारखे! मी आपला “आईचं माहेर आहे” असे सांगून सुटका करून घेतली. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते; कारण आईच्या माहेरचे वरोऱ्यात आता कोणीच उरलेले नाही. आजोबा तिथल्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर बिऱ्हाड नागपूरला हलले, भाड्याचे घर सुटले आणि गावाशी संबंध संपला तो संपलाच.

आई आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरताना ती एकाएकी म्हणाली, “मला एकदा आनंदवनात नेऊन आण. बाजार करायचा आहे.”

“बाजार? आनंदवनात?” आमच्या हिने विचारले.

“हो. भाजी घ्यायची आहे,” असे म्हणून आईने डब्याचे झाकण लावले. आमच्याकडे झाकण लागले की विषय संपतो.

पुण्याहून नागपूर, नागपूरला धरमपेठेत मावशीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची मोटार, असा बेत ठरला. मावशीने बरोबर येण्याचे नाकारले. गुडघे दुखतात म्हणाली. नागपूर ते वरोरा हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. बुटीबोरी मागे पडते, मग जाम लागते. तिथे हैदराबादचा हमरस्ता सोडून चंद्रपूरच्या रस्त्याला लागायचे. दोन्ही बाजूंना कपाशी. वेचणी होऊन गेली होती तरी बोंडांत राहिलेला कापूस सकाळच्या उन्हात चमकत होता. मधूनमधून तुरीचे पट्टे. आमच्या कन्येने आयुष्यात प्रथमच कापूस झाडावर पाहिला आणि “हा खरा आहे?” असे विचारले. शहरातल्या मुलांना अलीकडे प्रत्येक गोष्टीविषयी हा प्रश्न पडतो. त्यात त्यांची चूक नाही.

जाम सोडल्यावर आई बोलू लागली. ती जे बोलली ते मी यापूर्वी कधीही ऐकलेले नव्हते.

साल त्रेपन्न असेल की चोपन्न, हे तिला आता सांगता येत नाही. ती सहा-सात वर्षांची होती. आजोबा गांधीजींना मानणारे, खादी वापरणारे. बाबा आमटे यांना वरोऱ्यात सगळेच ओळखत. जमीनदाराच्या घरचा, भरपूर वकिली चालणारा, गावाच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष. असा हा माणूस भंगी-कामगारांची संघटना बांधतो काय, स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहतो काय आणि मग एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी पाहून आधी घाबरून पळतो, आणि आपण घाबरलो याचीच लाज वाटून परत येतो काय! पुढची हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. कलकत्त्याला जाऊन त्यांनी या रोगाचा अभ्यास केला, १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, सरकारने ५० एकरांचा खडकाळ माळ दिला आणि १९५१ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. विंचू-सापांच्या त्या माळावर साधनाताई दोन लहान मुलांना घेऊन राहायला गेल्या. पहिली विहीर बाबांनी आणि रुग्णांनी मिळून खणली. पाणी लागले, भाजी पिकली.

आणि वरोऱ्यात ती भाजी कोणी घेईना.

हेही आपण वाचलेले असते. चरित्रात ते एका वाक्यात येते आणि आपण पुढच्या वाक्याकडे जातो. मीही गेलो होतो. ती न घेणारी माणसे कोण, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. चरित्रातली ‘गावातली माणसे’ ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी आजी-आजोबा असतात!

“बाबांनी घेतली,” आई म्हणाली. हे बाबा म्हणजे माझे आजोबा. “एक दिवस ते मला बोट धरून घेऊन गेले. वांगी घेतली. चांगली जांभळी, तुकतुकीत. पिशवी माझ्याच हातात दिली. रस्त्यानं जाताना मुद्दाम चार जणांना सांगितलं, आनंदवनातली आहेत म्हणून. घरी आलो. आईनं पिशवी घेतली नाही. मला म्हणाली, ठेव तिथं खाली. मग मला न्हाणीत नेऊन हात घासून घासून धुतले. आणि वांगी चिमट्यानं एकेक उचलून परसातल्या खड्ड्यात टाकली. वरून राख टाकली.”

“मग आजोबा?” मी विचारले.

“काही बोलले नाहीत. जेवायला बसले. भाजी दोडक्याची होती.”

गाडीत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ही म्हणाली, “पण आई, त्या काळी भीतीच तशी होती. घरात लहान मुलं. तुमच्या आईंचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं?”

“मी कुठं म्हणतेय चुकलं? तीन लेकरं होती. धाकटी तर पाळण्यात.” ती पाळण्यातली म्हणजे आमची धरमपेठेची मावशी. “आईचं नाही रे मला वाटत. बाबांचं वाटतं. त्यांनी पुन्हा कधी घेतली नाहीत. पैसे दिले होते ना, म्हणजे झालं.”

मी मराठीचा मास्तर असल्यामुळे अवघड प्रसंग आला की शब्दांच्या आड लपतो. त्या वेळीही माझ्या मनात शब्दच येऊ लागले. आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे ‘महारोग’ म्हणत. त्याआधीचा शब्द ‘रक्तपिती’. सेवा समितीच्या नावात अजून ‘महारोगी’ आहे, पण बोलण्यात तो शब्द गेला, ‘कुष्ठरोग’ आला. पांगळ्याचा अपंग झाला, अपंगाचा विकलांग आणि आता दिव्यांग. दर वीस-पंचवीस वर्षांनी आपण या माणसांना नवे नाव देतो. नाव नवे असते तोवर ते घ्यायला आपल्याला संकोच वाटत नाही; जुने झाले की त्याला पुन्हा तोच जुना वास येऊ लागतो आणि आपण दुसरे शोधू लागतो. २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगांच्या यादीत कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांचाही समावेश आहे. पण नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावरून घटस्फोट मागण्याची आपल्या कायद्यांतली सोय मात्र २०१९ पर्यंत शाबूत होती. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९८० नंतरच्या दशकात आला, रोग पुरता बरा होऊ लागला. कायद्याला हे समजायला त्यानंतर तीन तपांहून अधिक काळ लागला. मग १९५३ साली औषध नुकते कुठे हाती येत असताना वरोऱ्याच्या एका मास्तरणीला ते समजले नाही, यात नवल ते काय?

वरोरा जुने गाव आहे. कोळशाच्या खाणींमुळे एकोणिसाव्या शतकातच इथपर्यंत आगगाडी आली. आईला तिची शाळा सापडली, घर सापडले नाही. घराच्या जागी भ्रमणध्वनी दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते, किंवा कदाचित त्याच्या शेजारचे असेल. त्याबद्दल तिने फारसे वाईट वाटून घेतले नाही. बाजारातून मात्र ती सावकाश चालली. दर टोपलीशी थांबून भाव विचारला आणि काहीही घेतले नाही. “सांबार कसा दिला?” असे तिने एका बाईला विचारले, तेव्हा आमची ही चपापली. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर! पन्नास वर्षे पुण्यात काढलेल्या माझ्या आईच्या तोंडून वऱ्हाडी शब्द असे भराभर बाहेर पडू लागले की आपण एका परक्याच बाईबरोबर फिरतो आहोत असे मला वाटू लागले.

आनंदवन गावापासून फार दूर नाही. आत शिरताना माझ्या मनात थोडी धाकधूक होती, ती रोगाची नव्हे. मी स्वतः तिथे काय करायला आलो आहे याची. अशा ठिकाणी जाणाऱ्यांच्या सहली मी पाहिल्या आहेत. बसमधून उतरायचे, हळहळायचे, “आपण किती सुखी आहोत नाही!” असे एकमेकांना सांगायचे आणि दुसऱ्याच्या दुःखाच्या मोबदल्यात स्वतःचे समाधान गाठीला बांधून परतीची वाट धरायची. आनंदवनाने या लोकांची एक पंचाईत करून ठेवली आहे. तिथे हळहळायला वेळच मिळत नाही, कारण ज्याला पाहून हळहळायचे तो माणूस कामात असतो! गर्द झाडांखालच्या रस्त्याने आम्ही चाललो. कुबडी घेतलेला एक तरुण आमच्यापेक्षा भरभर चालत पुढे निघून गेला. हातमागांचा खटका ऐकू येत होता. खुणांच्या भाषेत दोन मुली इतक्या जोरात भांडत होत्या की न ऐकू येताही ते भांडण आहे हे समजत होते.

विक्रीच्या दालनात सतरंज्या, चादरी, टॉवेल, पिशव्या, शुभेच्छापत्रे अशा नाना वस्तू मांडलेल्या होत्या. आमच्या हिने एक पिशवी उचलली, मी दुसरी. तेवढ्यात ही हळूच म्हणाली, “घरी कपाटात किती आहेत ठाऊक आहे?”

मला ठाऊक होते. दर दिवाळीच्या आधी आमच्या महाविद्यालयात विशेष मुलांच्या शाळेचे एक टेबल लागते. रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, आकाशकंदील. मी दर वर्षी तिथून काही तरी घेतो, पैसे देताना सुटे परत घेत नाही आणि दिवसभर मनातून बरा माणूस असतो. घरी आणलेल्या पणत्या आम्ही लावत नाही. एक तर त्यांना तेल झिरपते, आणि ही दर वर्षी कुंभारवाड्यातून पणत्या आणतेच. त्या कपाटात जातात. आठ-दहा वर्षांच्या पणत्या आहेत. टेबलामागे बसलेल्या मुलाने मागे एकदा विचारलेही होते, “सर, मागच्या वर्षीच्या लावल्या का?” मी “हो” म्हटले. त्याला “नाही रे, तेल गळतं” असे सांगितले असते, तर पुढल्या वर्षी त्याने जास्त चांगल्या भाजल्या असत्या की काय कोण जाणे. आपल्या मालाला कोणी नाव ठेवले, हे ऐकण्याची पाळी त्याच्यावर कधी आलेलीच नाही.

आईने मात्र एका सतरंजीला नाव ठेवायला सुरुवात केली. ती उलटी केली, सुलटी केली, चष्मा वर ढकलून काठ पाहिला, एक सुटलेला दोरा काढून दाखवला. दालनात बसलेल्या बाईंनी शांतपणे दुसरी सतरंजी उलगडली. आईने विचारले, “पन्नास रुपये कमी करा.”

“भाव ठरलेला आहे, आई.”

“कायले हो? दोन घेतल्या तरी?”

“दोन घेतल्या तर दोन्हींचा ठरलेला आहे.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आनंदवनात घासाघीस! मी पुढे होऊन पाकीट काढले, तर आईने माझा हात बाजूला केला. आणखी दोन सतरंज्या उलगडून झाल्या. शेवटी एक पसंत पडली, पूर्ण भावाने. पैसे घेणारा मुलगा कर्णबधिर होता. त्याने आकडे कागदावर लिहून दाखवले, आईने प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून बेरीज पडताळली आणि मान हलवली. त्यानेही तितक्याच गंभीरपणे मान हलवली. दोन सावकारांचा व्यवहार झाल्यासारखा वाटला. ती सतरंजी आज आमच्या दिवाणखान्यात अंथरलेली आहे आणि तिच्यावर चहा सांडून झालेला आहे.

पण भाजी? भाजीचे दुकान काही आम्हांला दिसले नाही. “इथली भाजी इथल्याच स्वयंपाकघराला लागते,” असे दालनातल्या बाई म्हणाल्या. ते खरेच होते. एवढा मोठा संसार, पंगती बसतात त्या शेकड्यांनी! आई काही बोलली नाही; पण तिचा चेहरा उतरला. आम्ही परत मोटारीकडे निघालो, तो समोरून एक हातगाडी आली. तिच्यावर मेथीच्या जुड्या, मुळे आणि एका टोपलीत वांगी. गाडी ढकलणारा म्हातारा सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे असेल. पायांत जाड, मऊ तळव्याच्या चपला. हातांची बोटे पहिल्या पेरापर्यंतच उरलेली. हा रोग बोटे खातो अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. रोगाचे जंतू नसा मारतात, मग भाजले-कापले तरी कळत नाही. जखमा होतात, चिघळतात आणि बोटे झिजत जातात. दुखणे हे माणसावर केवढे उपकार करीत असते हे त्या हातांकडे पाहून समजते. त्या दोन तळव्यांमध्ये गाडीचा दांडा त्याने असा धरला होता की गाडी नाकासमोर सरळ चालली होती.

“दादा, वांगी कशी दिली?” आईने विचारले.

“हे विकाले नाही, बाई. सैपाकघराचं हाय.”

“अर्धा किलो द्या.”

“विकाले नाही म्हनलं ना.”

माझी आई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग तिने त्याला सगळे सांगितले. वांगी, चिमटा, खड्डा, राख, सगळे. आम्हांला मोटारीत सांगितले त्याहून थोडक्यात आणि वऱ्हाडीत. मी खाली मान घालून मुळे मोजीत होतो. म्हातारा ऐकत राहिला. तो त्या काळचा नव्हता; पुष्कळ नंतर, पोरवयात इथे आला होता. आई बोलायची थांबली तेव्हा त्याने एकदा वांग्यांकडे पाहिले, एकदा आईकडे.

“माह्या घरच्यायनं मलेच टाकून देल्लं,” तो म्हणाला. “तुमच्या मायनं तं वांगीच टाकली.”

आणि तो हसला. मोठ्याने, तोंड उघडे टाकून, खरोखरीच विनोद झाल्यासारखा. आईही हसली. आम्ही तिघे मात्र हसावे की नाही या विचारात तसेच उभे.

मग त्याने टोपलीतली पाच-सहा वांगी आपल्या दोन तळव्यांनी उचलून आमच्या पिशवीत टाकली. “घ्या. न्या तशीच.”

“तशीच नको,” आई म्हणाली. “भाव सांगा.”

“आता माह्यापाशी काटा नाही, बाई.”

“अंदाजानं सांगा.”

त्याने पिशवीचे बंद कोपराच्या खळगीत अडकवले, हात वरखाली केला. “हाताले काही समजत नाही,” तो म्हणाला, “कोपराले समजते. अर्धा किलो. वरतंच असंल.” थोडा विचार करून पुढे म्हणाला, “वीस रुपये.”

“म्हणजे चाळीसचा भाव? वरोऱ्याच्या बाजारात तीसनं चाललीत. मी आत्ताच विचारून आले.”

“तं मंग बाजारातून घ्या ना!”

आईने वीस रुपये दिले. नोट त्याने दोन तळव्यांत धरली, पण लगेच खिशात घातली नाही. आमच्या कन्येला त्याने जवळ बोलावले, सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा काढायला सांगितला आणि लिहायला लावले : वांगी, अर्धा किलो, रुपये २०. “सैपाकघराच्या हिशेबात द्या लागते,” असे म्हणून त्याने चिठ्ठी आणि नोट एकत्र ठेवली आणि गाडी पुढे ढकलली. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्याला उशीर झाला होता.

परतीच्या वाटेवर बाबांच्या आणि साधनाताईंच्या समाध्यांपाशी आम्ही थांबलो. बाबा २००८ मध्ये गेले, साधनाताई २०११ मध्ये. बाबांना अग्नी दिला नव्हता, त्यांना इथल्याच मातीत पुरले. तिथून थोडे पुढे आल्यावर मला जे दिसले त्याचे मला माझ्या पेशामुळे अधिक कौतुक वाटले असेल. आनंदवनाने १९६४ साली महाविद्यालय काढले. ज्या गावात आनंदवनाचे वांगे शिजत नव्हते, त्या गावाची मुले दहा-बारा वर्षांतच आनंदवनाच्या जमिनीवर पदवीचा अभ्यास करायला येऊ लागली! मधल्या काळात काय घडले? एक गोष्ट सांगतात ती अशी, की पहिल्या काही वर्षांतच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे परदेशी तरुण-तरुणी आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या, तिथलेच अन्न खाल्ले. गोरी माणसे खातात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिले आणि हळूहळू गिऱ्हाईक येऊ लागले. गांधीजींच्या शिकवणीने जे झाले नाही ते गोऱ्या माणसांच्या भुकेने झाले, याचा अभिमान बाळगावा की खेद, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्या आजोबांनी तरी त्यानंतर घेतली होती की नाही, हे मी आईला विचारले.

“नाही रे. मग काय, सगळेच घ्यायला लागले,” ती म्हणाली. “मग त्यांना घेण्याचं कारण उरलं नाही.”

रात्री आठला धरमपेठेत पोचलो. मावशीने पिशवी हातात घेतली, वांगी पाहिली आणि “किती ताजी गं! वरोऱ्याच्या बाजारातली का?” असे विचारले.

“आनंदवनातली.”

मावशीचा हात थांबला. अगदी क्षणभरच, डोळ्याचे पाते लवते तेवढा वेळ. मावशी शिकलेली, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. आनंदवनाला दर वर्षी नेमाने देणगी पाठवणारी. तिचे तिलाच ते जाणवले असावे, कारण ती घाईघाईने म्हणाली, “अगं, म्हणजे धुऊन घ्यायची ना?”

“भाजी धुऊनच घेतात,” आई म्हणाली. “आण इकडे विळी.”

दोघी बहिणींनी मिळून वांगी चिरली. दाण्याचे कूट, तीळ, गोडा मसाला मावशीकडे नव्हता म्हणून वऱ्हाडी काळा मसाला. भाजी झणझणीत झाली. डोळ्यांतून पाणी आले ते नुसते तिखटाने आले, असे आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकले. मावशीने पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मग भाजी पुन्हा वाढून घेतली.

आमच्या कन्येला वांगे आवडत नाही. रस्सा तेवढा पोळीला लावून ती खात होती आणि फोडी एकेक करून ताटाच्या कडेला सारत होती.

“टाकायचं नाही,” आई म्हणाली.

आजीचा तसला आवाज तिने जन्मात कधी ऐकला नव्हता. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आपल्या आईकडे. आमच्यापैकी कोणीही तिच्या मदतीला येत नाही असे पाहून तिने कडेच्या फोडी मुकाट्याने पुन्हा पोळीत घेतल्या.